आधी सांगा, ते कशावर होतं?

गेल्या अंकापासून प्रश्नांचा नुसता सडा पडलाय, आणि बहुतेकांचा साचा एकच, एक फोटो आणि खाली "ताई हे काय आहे?" फोटो सुंदर असतात, मोबाईलचे कॅमेरे आता इतके चांगले झालेत की किड्याच्या पायावरचा केस न् केस दिसतो, पण तो किडा पानावर होता का सालीवर का शेणावर हे त्या फोटोत कुठेच नसतं आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडतं. किड्याला, बुरशीला, रानातल्या रोपाला एक पत्ता असतो. पत्ता कळला की नाव निम्मं कळलं असं समजा. म्हणून यावेळी उत्तरं देता देता मी पण तुम्हाला एकच प्रश्न परत परत विचारणार आहे, कंटाळू नका.

प्रश्न: पाऊस उघडल्यावर गवतात पांढऱ्या छत्र्या उगवल्यात, बशीएवढ्या मोठ्या, वर तपकिरी खवले. नेटवर बघितलं तर खायच्या अळंबीसारख्याच दिसतात. मुंग्या पण लागल्यात, म्हणजे विषारी नसणार ना? फोटो पाठवतोय.

उत्तर: खाऊ नका. आधी हे, बाकीचं मग. फोटो बघून खा किंवा नका खाऊ असं ठरवता येत नाही, म्हणून मी "खा" असं आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, छत्री कितीही ओळखीची दिसू दे. मुंग्या, गोगलगायी, अळ्या जे खातात ते माणसाला चालतं असं अजिबात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण काळा पडतो, विषारी छत्रीचा रंग भडकच असतो, हे सगळं ऐकीव आहे, त्यावर एक पैशाचा भरवसा ठेवू नका. डेथ कॅप म्हणतात ती छत्री दिसायला अगदी साधी, फिकट हिरवट, तिचं विष शिजवून जात नाही, खाल्ल्यावर सहा-बारा तास काही म्हणजे काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग मध्ये जरा बरं वाटतं आणि माणसाला वाटतं सुटलो, आणि नेमकं त्याच वेळात आतल्या आत लिव्हर निकामी होत असतं. म्हणून मी याबाबतीत इतकी हट्टी आहे.

आता तुमच्या छत्रीबद्दल. फोटो वरून काढलाय, त्यात टोपी दिसते, बाकी काही नाही. गवतात उगवलेली, मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची म्हटल्यावर मला पहिला संशय क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीसचा येतो, खाल्ली की उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. हिची गंमत अशी की कोवळी असताना टोपीखालचे पडदे, ज्यांना गिल्स म्हणतात, ते पांढरेच असतात आणि ती अगदी सज्जन दिसते, पुढे ती पिकली की तेच पडदे हिरवट राखाडी होतात. खात्री करायला स्पोअर प्रिंट, म्हणजे छत्रीच्या बीजाणूंचा (स्पोअरचा) ठसा, घ्या, त्याला काही सामान लागत नाही. पूर्ण उमललेली एक छत्री घ्या, दांडा कापा, टोपी गिल्स खाली करून कागदावर ठेवा आणि वर वाडगं पालथं घालून रात्रभर सोडून द्या. कागद अर्धा पांढरा अर्धा काळा असला तर फार चांगलं, कारण पांढरे स्पोअर पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत आणि आपल्याला वाटतं काही पडलंच नाही. सकाळी टोपी अलगद सरळ वर उचला, घासू नका. खाली बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी बारीक रेघारेघांची नक्षी उमटलेली असते, बोट लावलं तर पावडरसारखी हाताला येते, पहिल्यांदा बघताना खरंच हरखून जायला होतं. क्लोरोफायलमची नक्षी मळकट हिरवी येते. छत्र्यांच्या दुसऱ्या वंशांपैकी अगॅरिकसची गडद चॉकलेटी, अमानिटाची (डेथ कॅप यातलीच) पांढरी, एन्टोलोमाची गुलाबीसर. प्रिंट हिरवी आली तर संशय खरा ठरला, पण दुसऱ्या कुठल्या रंगाची आली म्हणून ती खायची झाली असं मात्र नाही.

आणि दुसरी गोष्ट, उपटू नका, सुरीने खालपर्यंत मोकळी करून काढा. बऱ्याच अमानिटांच्या बुडाशी मातीत एक पिशवी असते, अंड्याच्या फुटलेल्या कवचासारखी, छत्री ओढली की ती मातीतच राहते. मी सुरुवातीला जवळजवळ वर्षभर छत्र्या देठापासून खुडून आणायचे, सगळ्या वहीत चिकटवल्या, तारखा घातल्या, आणि नंतर त्यातल्या बऱ्याच नोंदी निरुपयोगी ठरल्या कारण बूड एकीलाही नव्हतं. ते अजून सलतं मला. हाताळल्याने विष चढत नाही, फक्त नंतर हात स्वच्छ धुवा. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा ती मातीतून आली होती, पुरलेल्या लाकडातून का शेणातून, आणि आजूबाजूला कुठलं झाड होतं ते पण लिहा, कारण बऱ्याच छत्र्या ठराविक झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगतात, ते झाड नाही तर ती छत्री पण नाही.

प्रश्न: मी सहावीत आहे. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शी पडलेली होती, ती काडीने ढकलली तर ती चालायला लागली!! आणि तिच्या डोक्यातून केशरी शिंगं बाहेर आली आणि घाण वास आला. हे काय आहे ताई?

उत्तर: अरे वा, तू तर सगळंच लिहिलंस! कुठल्या झाडावर, कसली दिसत होती, काय केलं की काय झालं, वास सुद्धा. मोठी माणसं इतकं लिहीत नाहीत. ही स्वॉलोटेल फुलपाखराची अळी आहे. लहान असताना ती काळपट-तपकिरी असते आणि मध्ये पांढरा पट्टा, म्हणजे अगदी पक्ष्याची शी, आणि पक्षी आपलीच शी कशाला खाईल, म्हणून ती भर उन्हात पानावर उघड्यावर बसली तरी सहसा कुणी चोच मारत नाही. ती शिंगं म्हणजे एक मऊ पिशवी आहे, एरवी डोक्यामागे आत दडलेली असते, त्रास दिला की हातमोजा उलटा करावा तशी बाहेर येते. वास मुंग्यांना आणि छोट्या शत्रूंना पळवायला. आता काडी बाजूला ठेव आणि रोज एकाच वेळी जाऊन नुसती बघ. ती कात टाकत टाकत वाढेल आणि शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार होईल, तुला वाटेल ही दुसरीच कुणी आली. मग एक दिवस खाणं सोडेल, फांदीला शेपटाकडून चिकटेल आणि स्वतःच्या कमरेभोवती रेशमाचा एकच धागा बांधून मागे रेलून बसेल, खांबावर चढणारा माणूस पट्टा लावतो ना तशी. तो धागा नक्की बघ, भिंगातून बघ. उबदार हवा असेल तर पुढे दहाएक दिवसांत फुलपाखरू. आणि तिला उचलून दुसऱ्या झाडावर ठेवू नकोस हं, लिंबाच्या कुळातलीच पानं लागतात तिला, जास्वंदीवर ठेवलीस तर उपाशी मरेल.

प्रश्न: एखादा माणूस फार दिवसांनी भेटला की आपण म्हणतो, काय उंबराचं फूल झालास. उंबराला खरंच फूल येत नाही का? आणि कुठलंही उंबर फोडलं की आत किडे निघतात ते कुठून शिरतात? वरून तर भोक दिसत नाही.

उत्तर: हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण याचं उत्तर म्हणजे निसर्गातला माझा सगळ्यात आवडता कारभार आहे. उंबराला फूल येतं, एक नाही शेकड्यांनी येतात, पण ती सगळी आतल्या बाजूला. ज्याला आपण फळ म्हणतो ती एक बंद पिशवी आहे, आणि पिशवीच्या आतल्या भिंतीवर फुलंच फुलं. वड, पिंपळ, अंजीर, सगळ्यांचं असंच, या वंशात साडेसातशेच्या वर जाती आहेत.

आणि भोक आहे हो. देठाच्या बरोबर विरुद्ध टोकाला बघा, बारीक खवल्यांनी झाकलेलं एक टिंब दिसेल, तेच दार. फुलं तयार झाली की फळ एक वास सोडतं आणि एक-दोन मिलिमीटरची वास्प मादी, म्हणजे गांधीलमाशीची अगदी चिमुकली नातेवाईक, तो वास धरून येते आणि त्या दारातून स्वतःला आत कोंबते. दार इतकं अरुंद की आत जाताना तिचे पंख तुटतात, मिशांचे तुकडे पडतात, म्हणजे परत उडायचा प्रश्नच नाही. आत गेल्यावर ती अंगावर आणलेले परागकण फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि बहुतेक तिथेच मरते. ज्या फुलात अंडं पडलं तिथे अळी वाढते, बाकीच्यांत बी धरतं. आधी नर बाहेर पडतात, बिनपंखांचे, त्यांना बाहेरचं जग बघायचंच नसतं, ते आतल्या आत माद्यांशी मीलन करतात, भिंत कुरतडून बोगदा पाडतात आणि संपतात. मग पंखवाल्या माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून बाहेर, आणि एखाद-दोन दिवसांत त्यांना दुसरं तयार फळ गाठायचं असतं कारण तेवढंच त्यांचं आयुष्य. उंबराचं परागीभवन फक्त या वास्पमुळे होतं, आणि ही वास्प उंबराशिवाय कुठे वाढू शकत नाही.

तुम्ही असं करा, एकाच झाडाची तीन वेगवेगळ्या वयांची फळं घ्या, कोवळं कडक, मधलं, आणि पिकायला आलेलं, ब्लेडने उभी चिरा आणि दहा पट भिंगातून बघा. कोवळ्या-मधल्या फळात दाराच्या खवल्यांमध्ये नशिबाने अडकलेला पंख मिळतो, काचेच्या चुऱ्यासारखा चमकतो. तो पहिल्यांदा सापडला तेव्हा मी बराच वेळ भिंग खाली ठेवलं नव्हतं. आणि फळाच्या बाहेरून लांब सुईसारखी शेपटी भिंतीत खुपसून बसलेली वास्प दिसली तर ती ही नव्हे, ती फुकट्यांपैकी, परागाचं काम न करता बाहेरूनच आत अंडी घालणारी. म्हणून वहीत लिहिताना "उंबरावर वास्प" एवढं पुरत नाही, आत होती का बाहेर बसली होती ते लिहायचंच, तेवढ्यावर सगळं बदलतं.

प्रश्न: कुजलेल्या ओंडक्यावर सकाळी पिवळा धम्मक फेस होता, कुणी ओकल्यासारखा. संध्याकाळी तो वीतभर पुढे होता. बुरशी चालते का?

उत्तर: बुरशी चालत नाही, पण ही बुरशीच नाही! बहुतेक फुलिगो सेप्टिका, स्लाइम मोल्ड. पूर्वी यांना बुरशीत धरायचे, आता ते अमीबाच्या नात्यातले मानतात. तो सगळा फेस म्हणजे एकच पेशी, फक्त तिच्यात केंद्रकं असंख्य, आणि ती ओंडक्यावर सरकत बॅक्टेरिया वगैरे गिळत जाते. पोट भरलं किंवा कोरडं पडायला लागलं की एका जागी थांबते, वर ठिसूळ कवच येतं, आणि कवच फोडलं की आत काळपट भुकटी, ते तिचे स्पोअर. याच्याच एका नातेवाईकाला, फायसॅरमला, जपानी संशोधकांनी २००० साली चक्रव्यूहात सोडलं तर त्याने दोन टोकांना ठेवलेल्या खाण्यामधला सगळ्यात जवळचा रस्ता धरला, मेंदू नाही, नस नाही, तरी. पुढे २०१० मध्ये टोकियोच्या आसपासची शहरं जिथे आहेत तिथे ओट्सचे दाणे ठेवून त्याच्याकडून जाळं विणून घेतलं तर ते तिथल्या खऱ्या रेल्वेच्या जाळ्याशी बरंच जुळलं. तुम्हाला परत दिसला की त्याच्या पुढच्या कडेला काडेपेटीतली काडी टोचा, अर्ध्या तासाने नवीन कडेला दुसरी, अशा पाच-सहा काड्या झाल्या की अंतर मोजा. सावली आहे का, ओंडका ओला आहे का, ते पण लिहून ठेवा, कोरड्याकडे तो सहसा जात नाही. ही नोंद मला नक्की पाठवा.

प्रश्न: कोबीच्या पानावरच्या अळीच्या अंगाखाली पिवळसर, तांदळाच्या दाण्यांएवढी अंडी आहेत, बरीच आहेत. ती फुटून अळ्या वाढायच्या आत सगळं मारून टाकू का?

उत्तर: थांबा थांबा, मारू नका. ती अळीची अंडी नाहीत, अळ्या अंडी घालतच नाहीत, अंडी घालते फुलपाखराची मादी. ते कोष आहेत, कोटेसिया नावाच्या छोट्या वास्पचे. तिने त्या अळीच्या अंगात अंडी घातली, पिल्लं आतून अळीला खात मोठी झाली, मग कातडी फोडून बाहेर आली आणि बाजूलाच रेशमी कोष विणून बसली. त्याहून विलक्षण म्हणजे पोखरलेली अळी लगेच मरत नाही, त्या कोषांच्या ढिगावर बसून राहते, कधी त्यावर स्वतःचं रेशीम पांघरते, कुणी जवळ आलं तर डोकं झटकते, म्हणजे ज्या पिल्लांनी तिला आतून खाल्लं त्यांचीच ती राखण करते. बघताना पोटात कालवतं, पण तुमच्या कोबीचा याच्याइतका चांगला रखवालदार दुसरा नाही. पान तसंच ठेवा. फारच उत्सुकता असेल तर थोडे कोष बाटलीत, तोंडाला बारीक मलमल, आणि बाहेर काय येतं ते मोजा, कारण कधीकधी कोटेसिया न येता तिलाही पोखरणारी तिसरीच वास्प बाहेर येते. बघून झालं की सोडून द्या.

प्रश्न: झाडाच्या खोडावर राखाडी-हिरवे पापुद्रे आलेत. झाड मरेल का? खरवडून काढू का?

उत्तर: नाही आणि नाही. ते दगडफूल, लायकेन, बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. ते सालीवर नुसतं बसलेलं असतं, झाडातून अन्न ओढत नाही. झाड आजारी असेल तर पानं विरळ होतात, ऊन खोडावर येतं आणि दगडफूल फोफावतं, म्हणून लोकांना वाटतं यानेच मारलं. यातल्या बऱ्याच जाती वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढतात, तुम्ही जो तळहाताएवढा पापुद्रा खरवडाल तो कदाचित तुमच्यापेक्षा वयाने मोठा असेल.

प्रश्न: ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपने एकाच किड्याची तीन दिवसांत तीन नावं सांगितली. कुठलं खरं धरू? आणि नोंद ठेवायची तर नक्की काय लिहायचं?

उत्तर: अ‍ॅपचा मला राग नाही, मी पण वापरते, पण त्याला तुम्ही जेवढं दाखवाल तेवढंच ते बघणार. किडा कुठल्या पानाची कड खात होता हे फोटोत नसेल तर ते बिचारं अंदाजच करणार. मी किमान चार फोटो काढते, एक लांबून सगळी जागा दिसेल असा, एक झाड किंवा ओंडका दिसेल असा, एक जवळून, आणि एक खालून, बरोबर मोजपट्टी. मग तिथेच उभं राहून वहीत, घरी आल्यावर नाही, कारण घरी येईपर्यंत आपण जे बघितलं त्यात जे वाटलं ते मिसळतं. तारीख, वेळ, ऊन का ढग, जमिनीपासून किती उंचीवर, एकटा का घोळका, काय करत होता, आणि सगळ्यात आधी, कशावर होता. झाडाचं नाव येत नसेल तर पान वहीत दाबा. नाव लागलं नाही तर "भुंगेरा, कूळ माहीत नाही" असं लिहायला लाजू नका, चुकीच्या पक्क्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची, पुढे दहा वर्षांनी पण कुणीतरी ती सोडवू शकतं.

याबाबतीत मी जिला गुरू मानते ती मारिया सिबिला मेरियन, १६४७ ला जन्मलेली. त्या काळी किडे चिखलातून, कुजक्यातून आपोआप होतात असं बऱ्याच लोकांना वाटायचं, आणि ही मुलगी तेराव्या वर्षापासून रेशीमकिडे आणि इतर अळ्या पाळून अंडं, अळी, कोष, फुलपाखरू सगळं डोळ्यांनी बघून चितारायची. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १६९९ ला, ती धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेली आणि दोन वर्षं तिथल्या रानात काम केलं, ती चित्रं १७०५ ला छापून आली. त्या चित्रांत अळी कधी कोऱ्या कागदावर एकटी नसते, बहुतेक वेळा ती जे झाड खाते त्या झाडावर असते, खाल्लेल्या पानाच्या भोकांसकट. आपली वही तशी व्हायला हवी असं मला फार मनापासून वाटतं.

एक विनंती मात्र, दुर्मिळ ऑर्किड किंवा तसलं काही सापडलं तर जागेचा नेमका पत्ता उघड्यावर टाकू नका. आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळांवर धोक्यातल्या जातींची जागा मुद्दाम पुसट करून दाखवतात ते याचसाठी, पत्ता कळला की खणून नेणारे पण तिथेच पोचतात.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. नातवाबरोबर फिरताना कपारीखाली मऊ धुळीत नरसाळ्यासारखे गोल खड्डे दिसले, दहा-बारा असतील. नातू विचारतो कुणी पाडले, मला सांगता येईना.

उत्तर: काका, नातवाला सांगा की खड्ड्याच्या तळाशी धुळीत डोकं तेवढं वर काढून अँटलायनची अळी बसलीये. आणि तुम्ही कपारीखाली, मऊ धुळीत, असं लिहिलंत म्हणून मी इतकं ठामपणे सांगू शकते, तिला पावसाच्या थेंबापासून आडोसा आणि कोरडी बारीक माती लागते, ओल्या मातीत असा खड्डा टिकत नाही. ती मागे मागे सरकत गोल गोल फिरते आणि डोक्याने धूळ बाहेर फेकत खड्डा खोल करते, उतार असा ठेवते की आणखी जरा तीव्र झाला तर धूळ आपोआप घसरेल. मुंगीचा पाय कडेवर पडला की पायाखालची धूळ निसटते, ती चढायला बघते, खालून अळी धुळीचा मारा करते, मुंगी परत खाली, आणि तळाला विळ्यासारखे दोन जबडे. मुंगीच्या आतलं सगळं शोषून झालं की टरफल झटक्यात बाहेर. हिचं पोट मागून बंद असतं, म्हणजे अळी असेपर्यंत ती शी करतच नाही, सगळं साठवून ठेवते आणि पंख फुटून मोठी झाल्यावर टाकते, नातवाला हे फार आवडेल! मोठी झाल्यावर ती चतुरासारखी दिसते, पण मिशा लांब आणि टोकाला जाड असतात आणि उडणं दुबळं, रात्री दिव्याशी येते.

गवताच्या काडीने कडेवरचे दोन-चार कण हळूच खाली पाडा, तळातून धूळ उडते का बघा. मग एक खड्डा चमच्याने अलगद उचलून कागदावर पसरा, थोडा वेळ काही हलणार नाही, मग एक ढेकूळ उलटं चालायला लागेल. बघून झालं की तिथेच त्याच धुळीत परत सोडा, संध्याकाळपर्यंत नवा खड्डा तयार झाला का ते पाहा. आणि खड्ड्यांच्या भोवती पडलेली टरफलं नातवाला गोळा करायला सांगा, मोठ्या काळ्या मुंग्यांची किती, लाल मुंग्यांची किती, आणखी कुणाची, खड्डा लहान असेल तर काय आणि मोठा असेल तर काय. त्याने मोजलेलं त्याच्याच अक्षरात पाठवा, पुढच्या अंकात जागा राखून ठेवते.